अक्कांचं केमो संपलं

मला कॅन्सर झाल्याची बातमी माझ्या बायकोच्या आधी माझ्या ऑफिसला कळली. आणि ती मीच दिली, चांगली मोठ्या पडद्यावर.

झालं असं, की मीटिंग चालू होती आणि माझा लॅपटॉप सगळ्यांना दिसत होता. पुढच्या तीन महिन्यांचं कामाचं नियोजन मी मोठ्या तोऱ्यात समजावून सांगत होतो. तेवढ्यात लॅबचा मेल आला. कोपऱ्यात टिंग झालं की माझा हात आपोआप तिकडे जातो, ही सवय जुनी आहे. मी मेल उघडला, रिपोर्ट उघडला, आणि शांतपणे वाचत बसलो. मोठ्या आतड्यातली गाठ, तिचं नाव, तिचं माप. खोलीतले सगळे माझ्याबरोबर वाचत होते. मग टीममधली एक मुलगी अगदी हळू म्हणाली, "सर, तुमची स्क्रीन अजून शेअर होतेय."

मी "सॉरी, सॉरी" म्हणालो. कॅन्सर झाल्याबद्दल माफी मागणारा मी बहुधा पहिलाच असेन.

घरी, बेंगळुरूत सर्जापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटवर, मेधाला सांगितलं तेव्हा ती आधी रडली नाही. आधी तिने विचारलं, "आणखी कोणाला माहीत आहे?" मी खरं ते सांगितलं. त्यावर ती उठली आणि कुकर लावायला गेली. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, तरी ती बाहेर आली नाही. पुढे कितीतरी दिवस आमच्या घरात कॅन्सरवर भांडण झालं नाही. झालं ते "तुझ्या ऑफिसाला माझ्याआधी कळलं" यावर. आता वाटतं, बरं होतं ते. भांडायला काहीतरी आटोक्यातलं लागतं.

*

ऑपरेशन झालं, गाठ काढली, आणि केमो ठरलं. एक आठवडा सोडून एक, गुरुवारी. सकाळी जायचं, रक्त तपासायचं, रक्त बरं असेल तर खुर्ची मिळायची. मागे रेलणारी मोठी खुर्ची, शेजारी सलाईनचा स्टँड, आणि नातेवाइकासाठी एक प्लास्टिकचं स्टूल. अशा खुर्च्यांच्या दोन रांगा. पहिल्या दिवशी मला तो वॉर्ड विमानतळासारखा वाटला. सगळे बसलेत, कोणीच बोलत नाही, आणि आपलं विमान कुठे जाणार हे कोणालाच माहीत नाही.

सिस्टरने बजावून सांगितलं होतं, या औषधावर असताना थंड काही प्यायचं नाही, थंड वस्तूला हात लावायचा नाही. मी मान डोलावली. मी सगळ्या सूचनांना मान डोलावतो. दुपारी घसा कोरडा पडला म्हणून कोपऱ्यातल्या मशीनमधून पाण्याची गार बाटली काढली आणि घटाघटा प्यायलो.

घशात काचा भरल्यासारखं झालं. श्वास अडकला. बाटली हातातून सुटली, कारण बोटांनाही सुया टोचत होत्या. आणि मी, बेंगळुरूत इतकी वर्षं इंग्रजी-हिंदीत नोकरी केलेला माणूस, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा ओरडलो, "आई गं!"

शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, "अवो, तुम्ही मराठी हाय व्हय! मला वाटलं, हिंदीवालं असतील."

मला श्वास येत नव्हता आणि ही बाई माझी जनगणना करत होती. पण तिने तेवढ्यात नवऱ्याला थर्मासमधलं गरम पाणी ओतायला लावलं, ते स्टीलच्या पेल्यातून माझ्या हातात दिलं, आणि म्हणाली, "स्वल्प-स्वल्प घ्या. घाई करू नका. माझं बी पैल्यांदा असंच झालंतं. मी तर आइस्क्रीम खाल्लंतं."

त्या अक्का. माहेर निपाणीकडचं, लग्नानंतर सगळा जन्म बेंगळुरूजवळच्या आनेकलमध्ये. नवरा मारुतीअण्णा तिकडच्याच एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. अक्कांच्या बोलण्यात मराठी आणि कन्नड एकाच ताटात वाढलेलं असायचं. रोग दोघांचा एकच, आतड्याचा. औषध एकच, वारही एकच. त्यांचं माझ्या आधी एकदाच झालं होतं, तरी त्या जोरावर त्या माझ्या सीनियर झाल्या. मी मूळचा नागपूरचा, म्हणून मला त्यांनी पहिल्याच दिवशी 'नागपूरकर' करून टाकलं.

"नागपूरकर, संत्री न्हाई आणलीसा?"

"अक्का, मी सर्जापूर रोडवरून आलोय."

"मग तिथलं काय आणनार? ट्राफिक?"

*

हे मी ज्यांच्यासाठी लिहितोय, म्हणजे ज्यांचं केमो पुढच्या आठवड्यात सुरू होणार आहे, त्यांना औषधांचं डॉक्टर सांगतील. मी एवढंच सांगतो, की फ्रिज उघडायला लोकरीचे हातमोजे घाला, आणि शेजारी नीट निवडा. शेजारी निवडता येत नसेल, तर निदान जो मिळालाय त्याच्याशी बोला.

अक्कांनी वॉर्डाचं विमानतळपण घालवलं. दारातून आल्या की प्रत्येक खुर्चीपाशी थांबून "ऊटा आयता?" करायच्या, जेवण झालं का. अर्ध्या लोकांना अन्नाच्या वासानेही मळमळत असायचं, तरी या प्रश्नाचं कोणाला वाईट वाटलं नाही. समोरच्या रांगेत रंगप्पा होते, आयुष्यभर शहरात बस चालवलेले. त्यांना सलाईन लागलं की अक्का ओरडायच्या, "रंगप्पा, राइट राइट!" मग ते स्टिअरिंग धरल्यासारखे हात करायचे, आणि सिस्टर ओरडायची की सुई निघेल.

माझ्या कन्नडवर तर वॉर्डाची करमणूक चालायची. एकदा मी सिस्टरला "आता बास" या अर्थी काहीतरी सांगायला गेलो आणि तिने मला आणखी एक ब्लँकेट आणून दिलं. मग आणखी एक. तीन ब्लँकेटांखाली मी घामाघूम होऊन पडलो होतो. शेवटी अक्का म्हणाल्या, "साकु म्हना की वो! बेकु म्हनलं की आनत्यात!" साकु म्हणजे पुरे, बेकु म्हणजे हवं. एका अक्षराने मी उकडून मेलो असतो.

पाचव्या की सहाव्या वेळी मी खचलो. तोंडभर फोड, तळपायांना मुंग्या, जेवण मातीसारखं. मेधाला सांगितलं, मी नाही जाणार. ती माझी बॅग भरत राहिली, मी बॅग रिकामी करत राहिलो. तिने पुन्हा भरली. मग तिने फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडे अक्का.

"नागपूरकर, मला शेजारी कोन? ते भिताड?"

"अक्का, नाही होत आता."

"व्हत न्हाईच. मला कुठं व्हतंय? दोघांनी संगं सुरू केलंय, संगंच संपवायचं. तुमी मागं ऱ्हायलासा तर मी कोनाला हसू?"

मी गेलो. त्या दिवसापासून ते ठरूनच गेलं. दोघांनी संपवायचं. डॉक्टरांच्या तपासण्या, आकडे, स्कॅन, ते सगळं एका बाजूला. आमच्यासाठी प्रश्न एकच होता, की दोघं इथून बाहेर पडतो की नाही.

*

मग अक्कांचं रक्त खाली जायला लागलं. सकाळी तपासणी व्हायची आणि सिस्टर येऊन म्हणायची, आज नको, पुढच्या आठवड्यात या. मारुतीअण्णा काही न बोलता थर्मासची पिशवी उचलायचे, आणि दोघं पुन्हा आनेकलच्या बसकडे जायचे. मी खुर्चीत बसून बघायचो. पुढच्या वेळी पुन्हा तेच. त्यांचं एकेक मागे पडत गेलं आणि माझं पुढे सरकत गेलं. एकाच दुखण्याच्या दोन माणसांत हा हिशेब कोण करतं, कळत नाही. माझं शरीर काही त्यांच्यापेक्षा गुणी नव्हतं. मी तर लपून पाणीपुरी खाल्ली होती.

माझा शेवटचा दिवस आला तेव्हा त्यांची खुर्ची दुसऱ्याच कोणाला दिलेली होती. सलाईनचा शेवटचा थेंब उतरला आणि सिस्टरने सुई काढली. रंगप्पांच्या एका हाताला सलाईन होतं, म्हणून त्यांनी दुसरा हात मांडीवर मारून टाळी वाजवली. मग आणखी तिघाचौघांनी तशीच वाजवली. टाळ्यांचा असा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. मला हुंदका आला आणि तो मी खोकला म्हणून खपवायला गेलो, तर ड्यूटी डॉक्टर स्टेथोस्कोप घेऊन धावत आले.

घरी आल्यावर अक्कांना फोन केला.

"झालं माझं."

"लई झ्याक झालं," त्या म्हणाल्या. "आता माझी वाट बघा. कुठं पळू नका."

*

मी वाट बघितली. दर गुरुवारी फोन करायचो. घेतलं का, नाही घेतलं, रक्त कसं आहे, एवढंच. एका गुरुवारी फोन उचलल्या उचलल्या त्या म्हणाल्या, "माझं केमो संपलं वो."

"काय सांगता! संपलं?"

"व्हय. डॉक्टर म्हनले आता बास. घरीच ऱ्हावा."

"अक्का! अभिनंदन!"

पलीकडून नुसतं "हं."

त्या 'हं'ला मी लाजणं समजलो.

मला त्यांची शिल्लक माहीत होती, अजून बरीच बाकी होती. पण मी मनात म्हटलं, डॉक्टरांनी सवलत दिली असेल. रिपोर्ट चांगले आले असतील. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात तक्रारीला टिकीट म्हणतात, आणि टिकीट बंद झालं म्हटलं की सगळे खूश होतात. दुरुस्त झालं म्हणून बंद झालं, की आता काही करता येत नाही म्हणून बंद झालं, हे कोणी उघडून बघत नाही. मीही बघितलं नाही. मेधा म्हणाली, "प्रशांत, अरे त्यांचं तर अजून राहिलं होतं ना?" मी म्हटलं, "तू ना, चांगल्यातही खोट काढतेस."

आणि मी कामाला लागलो. धारवाडी पेढ्यांचे मोठे दोन बॉक्स घेतले. मग वाटलं, नुसते पेढे काय. या गावात सत्कार करतात तसा झाला पाहिजे. म्हणून शाल घेतली, हार घेतला, आणि मैसूर पेटा घेतला, तो जरीकाठाचा फेटा, पुढारी लोकांच्या डोक्यावर असतो तो. मी दुकानातच तो डोक्यावर घालून बघितला. मेधा गाडीत बसून राहिली.

आनेकलला त्यांचं घर एका अरुंद गल्लीत होतं. दार मारुतीअण्णांनी उघडलं. मी एका हातात पेटा, एका हातात हार, बगलेत पेढे असा उभा. त्यांनी मला बघितलं, हाताकडे बघितलं, आणि बाजूला झाले. "बन्नी, या," एवढंच म्हणाले.

पुढच्याच खोलीत कॉट टाकलेली होती. खिडकीपाशी, पडल्या पडल्या गल्ली दिसावी अशी. उशाशी औषधं, पायाशी बादली. आणि अक्का, म्हणजे त्यांच्यातल्या जेवढ्या उरल्या होत्या तेवढ्या. मेधाने मागून माझा शर्ट धरला. तिला दारातच कळलं होतं. मला नाही कळलं. मला वाटलं, थकवा आहे, उतरेल. मीही असाच दिसत होतो. मी भाषण सुरू केलं. "केमोवर विजय मिळवल्याबद्दल आमच्या लाडक्या अक्कांचा..."

"सर," मारुतीअण्णा म्हणाले. त्यांचा इतका स्पष्ट आवाज मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकला. "औषध लागू पडंना, म्हनून थांबवलंय. लिव्हरात गेलंय."

माझे हात वरच राहिले. पेटा त्यांच्या डोक्याच्या वीतभर वर. खाली घेऊ की घालू, मला कळेना. गल्लीतून कोणाची तरी स्कूटर गेली, ती कोपऱ्यावर वळेपर्यंत ऐकू येत होती.

"घाला की," अक्का म्हणाल्या. "हात दुखतील."

"अक्का, मला वाटलं... तुम्ही संपलं म्हणालात..."

"मग संपलंच की. खोटं बोलले व्हय मी? घाला. वाकडा न्हाई, सरळ. अहो, फोटो काढा की," हे नवऱ्याला.

मी पेटा घातला. तो त्यांना मोठा झाला, भुवयांपर्यंत आला. मेधाने पुढे होऊन पाठीमागे रुमालाची घडी खुपसली आणि तो नीट बसवला. शाल पांघरली. हार घालताना माझ्या हाताला त्यांच्या गळ्याचं हाड लागलं. मारुतीअण्णांनी फोटो काढला. नंतर बघितलं तर त्यात अक्का हसतायत, मेधा त्यांच्याकडे बघतेय, आणि मी डोळे मिटलेला, तोंड उघडं.

"आता पेढे काढा. का परत न्यायला आनलेत?"

त्यांनी एक पेढा घेतला, कोपरा तोडून जिभेवर ठेवला. बराच वेळ घोळवला. मग म्हणाल्या, "लागतंय वो. गोड लागतंय!" औषध थांबलं होतं, म्हणून चव परत आली होती. दुसरं काही परत आलं नव्हतं. "किती दिसानं कळलं गोड काय असतंय. खावा, तुमी बी खावा."

मी खाल्ला. तो गिळायला मला गार पाण्यापेक्षा जास्त त्रास झाला.

मग त्यांनी शेजारणींना हाका मारायला लावल्या. त्या आल्या, पेटा बघून हसल्या, काय झालं म्हणून विचारलं. अक्का प्रत्येकीला पेढा देत सांगत होत्या, "केमो मुगितु. संपलं माझं." त्यांतल्या ज्यांना माहीत नव्हतं, त्या म्हणाल्या, देव पावला. ज्यांना माहीत होतं, त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि पेढा घेतला.

निघताना अक्कांनी मेधाचा हात धरला. "ह्यांना घरी जाऊन ओरडू नगा. जो येतोय तो तोंड पाडून सफरचंदं घेऊन येतोय. खायचं कोनी ती? पेढे घेऊन एकटाच आला बघा हा खुळा."

गाडी मेधाने चालवली. माझ्याने चालवली गेली नसती. सर्जापूरच्या आसपास गाड्या अडकल्या, आणि त्या अडकलेल्या गाड्यांत मी लहान पोरासारखा रडलो. शेजारच्या कॅबचा ड्रायव्हर काच खाली करून बघत होता.

"बोल ना," मी म्हटलं. "मूर्ख म्हण."

"मूर्ख आहेसच," मेधा म्हणाली. मग तिने गिअरवरचा हात काढून माझ्या हातावर ठेवला. आजारपणात पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच गोष्टीसाठी रडत होतो.

*

अक्का फार दिवस राहिल्या नाहीत. त्या गेल्या तेव्हा मी आनेकलला गेलो होतो. त्या दिवशी मी काही चुकीचं बोललो नाही, कारण मी काहीच बोललो नाही. मारुतीअण्णांनी मला बसायला चटई दिली आणि सवयीने थर्मासमधलं पाणी.

माझा स्कॅन स्वच्छ आला. डॉक्टरांनी हात मिळवला. मी आनंद व्हायची वाट बघत राहिलो. झाला, पण मेधाचा चेहरा बघून झाला. माझा स्वतःचा असा काही झाला नाही. हे सांगितलं असतं तर ज्यांनी आधी शिवी दिली असती आणि मग ऊटा आयता विचारलं असतं, त्यांचा नंबर अजून फोनमध्ये आहे. एकदा लावलासुद्धा. मारुतीअण्णांनी उचलला. "बोला," म्हणाले. मी म्हटलं, चुकून लागला. "सरी, सरी," म्हणजे ठीक आहे, असं ते म्हणाले, आणि आम्ही दोघांनीही फोन ठेवला नाही, थोडा वेळ.

केमो संपलं तरी छातीत बसवलेला पोर्ट, म्हणजे औषध आत सोडायची ती कातडीखालची डबी, अधूनमधून धुऊन घ्यावी लागते. त्यासाठी मी परवा वॉर्डात गेलो. दहा मिनिटांचं काम. झालं, आणि डोकं खाली घालून निघालो होतो, तर समोरच्या रांगेतून हाक आली.

"मराठी सर!"

रंगप्पा. पूर्वीपेक्षा वाळलेले, हाताला सलाईन. शेजारचं स्टूल रिकामं. मुलाला सुट्टी मिळाली नव्हती म्हणून एकटेच आले होते. चेहरा माझ्याकडे बघून फुलला होता.

"अक्का हेगिद्दारे?" कशा आहेत अक्का?

माझ्या कन्नडमध्ये या प्रश्नाचं एक तयार उत्तर आहे, 'चेन्नागिद्दारे', छान आहेत. रोज लिफ्टमध्ये तेच वापरतो. ते जिभेवर आलंही होतं. रंगप्पांच्या बाटलीत अजून अर्ध्याहून जास्त औषध होतं. पण ते खोटं मला बोलता आलं नाही.

"अक्का इल्ला," मी म्हणालो.

इल्ला म्हणजे नाही. आज आलेली नाही, घरात नाही, जगात नाही, सगळ्याला हा एकच शब्द मला येतो.

"इवत्तु इल्ला?" त्यांनी मान डोलावली. आज नाहीत होय. "मग पुढच्या गुरुवारी?" हे हिंदीत.

चुका करण्यात मुरलेला माणूस मी, पण या वेळी माझी चूक नव्हती. मला फक्त ते पुन्हा सांगायचं होतं.

"इवत्तु अल्ला, रंगप्पा," मी म्हणालो. आजच्यापुरतं नाही. "इल्ला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वर बाटलीकडे बघितलं, थेंब पडतोय का ते तपासल्यासारखं. मग त्यांनी पाय लांब केला, अंगठ्याने स्टूल माझ्याकडे सरकवलं, आणि म्हणाले, "कूत्कोळ्ळी." बसा.

मी बसलो. मेधाला फोन करून सांगितलं, वेळ लागेल. त्यांचा सलाईनचा हात गार पडला होता, म्हणून ब्लँकेट वर ओढून दिलं. बाटली रिकामी होईपर्यंत मी तिथेच होतो.